उरलेलं गाणं

चाकणहून निघालेली कंपनीची बस मोशीच्या अलीकडे नेहमीसारखी अडकली होती. तेवढ्यात मागच्या सीटवरून म्हैस रेकल्यासारखा आवाज आला. लगेच डीजेचा ठोका. पुन्हा तोच आवाज, पुन्हा ठोका.

"परत लाव राव, परत!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं मान वर करून हुबेहूब तसाच आवाज काढला आणि अख्खी बस हसली.

विजयश्रीनं मागं वळून पाहिलं नाही. तो आवाज तिनं ओळखला होता. तिनं ओढणी तोंडावर दाबून धरली.

"काय गं, गाडी लागली का?" शेजारच्या दिपालीनं विचारलं.

"उतरते मी इथंच. किळस आली."

विजयश्री मूळची परभणीकडची. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायची. ठीक असेल तर हिरवं स्टिकर, नसेल तर लाल. यापलीकडे तिचं मत कधी कुणी विचारलं नव्हतं. ते पहिल्यांदा विचारलं सुजितच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं; एका गाण्याखालची तिची कमेंट वाचून त्यानं तिला त्यात घेतलं होतं. वाकडला राहणारा हा सॉफ्टवेअरवाला आणि त्याच्यासारखे काही जण मोबाइलवर विचित्र अल्बम शोधून एकमेकांना पाठवत. ज्यांना कुणी शिकवलं नाही, ज्यांना गायला कुणी बोलावलं नाही, अशा माणसांनी हट्टानं स्वतःच काढलेले अल्बम. कुठला तरी परदेशी म्हातारा एकच तार छेडत तासभर रडे, कुणी बाई घरातली भांडी वाजवत गाई. ऐकून प्रत्येकानं मत द्यायचं. विजयश्रीनं एकदा लिहिलं होतं, "याला सूर सापडत नाही, पण हा शोधायचं सोडत नाही." त्यावर सुजितनं टाळ्या पाठवल्या होत्या. ते वाक्य ती मशीनपाशी उभी असतानाही कितीतरी दिवस मनात घोळवत राहिली.

मग पिंपरीच्या जुन्या बाजारात तिला एक कॅसेट मिळाली. वर फोटो एका बाईचा, मागे गोठा. खाली 'शालनबाईंची गाणी, मुक्काम मोशी'. आवाज खरखरीत, साथीला फक्त पत्र्याचा डबा. आपल्या मेलेल्या मुलीचं गाणं म्हणताना ती बाई मध्येच शब्द सोडून म्हशीसारखी रेकत होती. विजयश्रीनं स्वयंपाक तसाच ठेवून ती बाजू पूर्ण ऐकली. मोबाइलमध्ये भरून घेतली आणि ग्रुपवर टाकली.

"सोनं आहे हे!" सुजितनं लिहिलं. "भेटायचंच यांना."

पत्ता विचारत दोघं शालनबाईंच्या घरी गेले. गोठ्याच्या जागी आता मुलानं इमारत बांधली होती. म्हातारी हरखून गेली. सून प्रभावती मात्र चहा ठेवून लगेच आत गेली. या गाण्यांची तिला लाज वाटायची. सुजितनं कॅमेरा रोखला. शालनबाईंनी डबा मागवून घेतला आणि मुलीचं गाणं म्हटलं. रेकायची ओळ आली तेव्हा सुजितनं ओठ दाताखाली दाबला होता आणि त्याचे खांदे हलत होते. विजयश्रीला वाटलं, गहिवरला असेल.

आता रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुरात उभं राहून तिनं त्याला फोन लावला.

"ते म्हशीच्या आवाजाचं रील तू टाकलंस?"

"बघितलंस ना? तुफान चाललंय!"

"आधी पोरगी मेल्याचं आहे त्यात. ते कुठंय?"

"अगं, एवढं कोण ऐकतं? लोकांना हुक लागतो, डोक्यात बसणारा एक तुकडा. आणि आजी फेमस झाल्या, वाईट काय त्यात?"

"तू हसत होतास तिथं."

"मग? या म्युझिकची मजाच ती आहे. तू काय वर्षभर सीरियसली ऐकत होतीस?" तो पुन्हा हसला.

विजयश्रीला एकदम सगळी जुनी मतं आठवली. त्या टाळ्या, ते 'सोनं'. ग्रुपमधली माणसं प्रत्येक अल्बमला हसत आली होती आणि ती एकटीच खरं बोलत आली होती. तिच्या मतांनाही ते सगळे तसेच हसले असणार. तोंडात केस गेल्यासारखं झालं तिला. तिनं फोन तोडला, ग्रुप सोडला, आणि घरी न जाता थेट शालनबाईंकडे गेली.

जिन्याखाली पोरं रेकण्याचा खेळ खेळत होती. दार प्रभावतीनंच उघडलं.

"आता काय उरलंय? दुकानात गेलं तरी लोक तोंडाकडं बघून तसला आवाज काढत्यात."

"मीच आणलं होतं त्याला," विजयश्री म्हणाली. "तुमच्यापुढं तोंड दाखवायला लाज वाटते."

शालनबाई खाटेवर बसून होत्या. "ये बाय. नातवानं दावलं मला. म्हशीचं तेवढं ठिवलंय त्यांनी."

"व्हय," प्रभावती फणकारली, "तुमी कशाला काढला तसला आवाज?"

"पोर गेली त्याच दिशी म्हशीचं रेडकू गेलं. मला रडाया येईना. म्हस रडली, मग तिच्यासंगं म्याबी रडले. म्हून तसंच म्हणते. तू कदी पुढचं ऐकलंच न्हाईस."

प्रभावती भिंतीशी टेकून बसली. इतक्या वर्षांत तिनं ते गाणं कधी बसून ऐकलं नव्हतं.

"माझ्याकडं पूर्ण आहे," विजयश्री म्हणाली. "लावू?"

"लाव."

कॅसेटमधला आवाज खोलीत पसरला. डबा वाजू लागला. रेकायची ओळ जवळ आली तशी प्रभावती उठली. खाली पोरं होती. तिनं दार लावलं, कडी घातली आणि सासूच्या पायाशी खाली बसली. ओळ आली, गेली. पुढं गाणं चालूच होतं. पोरीच्या केसांना लावायच्या तेलाचं, तिच्या बोबड्या हाकेचं, तिला शिवायच्या राहिलेल्या परकराचं. प्रभावतीनं पदर तोंडाला लावला होता.

"थांबव," शालनबाई एकदम म्हणाल्या. "हितं चुकले म्या. परकराची वळ खालच्या सुरात घ्याया पायजे व्हती, म्या वर नेली."

विजयश्रीनं मोबाइल बंद केला.

"मग कशी पायजे व्हती, आत्या?" प्रभावतीनं विचारलं.

शालनबाईंनी घसा खाकरला आणि हलक्या आवाजात ती ओळ खाली आणून दाखवली.