पुठ्ठ्याआडचा फासा

फासा पुठ्ठ्याला आपटून थांबला. वर सतरा.

“सहा,” मास्तर म्हणाला. “राक्षसाचा घाव हुकला. कुऱ्हाड चिमणीच्या डोक्यावरून गेली आणि खांबात रुतली.”

“पुन्हा हुकला?” शेजारी राहणारा एसटी कंडक्टर खुर्चीत मागे रेलला. “अरे, या राक्षसाला चष्मा तरी घेऊन द्या कुणीतरी!”

भाची हसली. भाऊजी हसले नाहीत. समोरचा कागद सरळ करून त्यांनी विचारलं, “आता माझी पाळी ना?”

रविवारी जेवणं उरकली की चौघं जण भाऊजींच्या घरी टेबलाभोवती बसत. खेळ सगळा बोलण्याचा. प्रत्येकाचं एक पात्र, त्याची ताकद एका कागदावर लिहिलेली: कंडक्टरचा धिप्पाड योद्धा, भाचीची जडीबुटीवाली, आणि चिमणी नावाची चोरटी. गुहा, वादळं, राक्षस हे सगळं मास्तरने रंगवून सांगायचं आणि पुढे काय होणार ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. राक्षसाला तेरा किंवा त्याच्या वर पडले की घाव बसला. खेळ चालवणाऱ्याचे फासे उभ्या पुठ्ठ्याच्या आड पडत. तिथे काय पडलं ते तो एकटाच बघे.

खेळात मास्तर असलेला हा माणूस एरवी दुकानांतले वजनकाटे तपासायच्या नोकरीत होता. काटा केसभर जरी कलला तरी तो सील मारत नसे. दुकानदार गयावया करत, चहा पुढे करत, हा ढिम्म. त्यामुळे बाजारात त्याला प्रेमाने हाक मारणारं कुणी नव्हतं. लग्न राहून गेलं होतं. थोरली बहीण होती, तिचं घर होतं आणि रविवार होता.

चिमणी ताईची. हा खेळ घरात आणला तोही तिनेच, ऑफिसातल्या कुणाकडून तरी शिकून. “जन्मभर सरळ वागले,” ती म्हणाली होती, “रविवारी तरी चार घरं फोडू दे मला.” चिमणी कुलपं उघडायची, पहारेकऱ्यांच्या कमरेच्या किल्ल्या लांबवायची आणि पकडली गेली की इतकं गोड खोटं बोलायची की हसून हसून कंडक्टरला ठसका लागायचा. भाऊजी तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेले असत. “तुमचा पोरखेळ आटपला की सांगा,” एवढंच ओरडून म्हणत.

मग ताईचं दुखणं लांबलं. घरी होती तोवर ती उशीला टेकून खेळायची, तिचा फासा भाची टाकायची. पुढे हॉस्पिटल झालं, आणि ती गेली.

काही आठवडे कुणी खेळाचं नाव काढलं नाही. एका रविवारी मास्तर नुसता विचारपूस करायला म्हणून गेला, तर भाऊजी ताईच्या खुर्चीवर बसलेले. पुढ्यात चिमणीचा कागद.

“शिकव मला,” ते म्हणाले. “हिचं पुढचं मी बघतो.”

त्यांना ते काही केल्या जमेना. गोड बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दार दिसलं की ते चिमणीला आत ढकलत. राक्षस दिसला की तिच्या हातात सुरी देत. ती हडकुळी पोर, एका घावात आटोपली असती. पहिल्यांदा पुठ्ठ्याआड एकोणीस पडले तेव्हा मास्तरच्या तोंडून ‘आठ’ कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. नंतर त्याला त्याचं काही वाटेनासं झालं. तसं त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. आठवडाभर काटे, रविवारी फासे. हात चालत, तो त्यांत नसे.

आज भाऊजींचा वारही हुकला. पुन्हा राक्षसाची पाळी आली. मास्तरने फासा उचलला.

“थांब,” भाऊजी म्हणाले. “तो पुठ्ठा काढ.”

“का हो?”

“काढ. टेबलावर टाक. सगळ्यांसमोर.”

“अहो, मास्तरचा फासा झाकलेलाच असतो,” कंडक्टर म्हणाला. “तशी रीतच आहे.”

“गेल्या रविवारी पंखा लावायला मी याच्या मागून गेलो. वीस पडले होते. हा म्हणाला, पाच.”

मास्तरने मान वर केली नाही. भाची नखाने टेबलावरचा डाग खरवडत होती.

“मला माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली. “आकडा सांगायच्या आधी मामा जरासा थांबतो. चिमणीच्याच वेळी. मला चालत होतं.”

“मला नाही चालत.” भाऊजींचा आवाज चढला नव्हता. “हॉस्पिटलात काय चाललं होतं आपलं? तू म्हणायचास, ताई, आज चेहरा टवटवीत दिसतोय. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात घरी नेतो तुला. एकदा तिने मला सरळ विचारलं. मी म्हटलं, औषधांचा थकवा आहे गं.”

“खचली असती ती, भाऊजी.”

“खचली असती. पण मग काहीतरी बोलली असती माझ्याशी. आम्ही शेवटपर्यंत टीव्हीवरच्या मालिकांबद्दल बोलत बसलो.”

त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट केलं.

“टाक,” भाऊजी म्हणाले.

मास्तरने पुठ्ठा मिटून खुर्चीखाली ठेवला आणि फासा टाकला. तो घरंगळत जाऊन कंडक्टरच्या पेल्याला अडला. चौदा.

“पेल्याला लागला रे,” कंडक्टर घाईघाईने म्हणाला. “हा नाही धरायचा. पुन्हा टाक.”

“चौदा आहेत,” भाऊजी म्हणाले.

मास्तरने ओठांवरून जीभ फिरवली. “घाव बसला. चिमणी पडली. उठली नाही.”

भाऊजींनी कागदावरचा चिमणीच्या ताकदीचा आकडा खोडला आणि शेजारी शून्य काढलं.

“झालं?”

“झालं. आता तुम्ही नवं पात्र घ्यायचं.”

“नको.” त्यांनी कागदावर तळहात ठेवला. “हिला इथेच टाकून जायचं का?”

“टाकून कसं जाऊ?” कंडक्टर म्हणाला. “माझा गडी उचलेल तिला. आधी त्या राक्षसाचा निकाल लावतो.”

तो निकाल लवकर लागला. मग मास्तरने विचारलं, “कुठे न्यायचं?”

“हिचं गाव कुठलं?” भाऊजींनी भाचीला विचारलं.

“नदीपलीकडे. आईने ठरवलं होतं. कौलारू घर आहे, पुढे विहीर.”

“लांब आहे?”

“आहे,” मास्तर म्हणाला. “चालत जावं लागेल.”

“मग जाऊ.”

मास्तर सांगू लागला. गुहेबाहेरचं ऊन, उतार, मग रान. रान संपलं की गवताळ माळ. भाची मधेच पाणी प्यायला थांबवायची. तो ओढा सांगायचा, पाणी गार आहे म्हणायचा. फासा कुणी उचलला नाही.

“वाटेत कोण भेटलं?” भाऊजींनी विचारलं.

“कुणी नाही. वाट मोकळी आहे.”

“खरं सांगतोयस?”

“खरं.”

भाऊजींनी मान हलवली. “मग सावकाश चला,” ते म्हणाले.

मास्तर माळ सांगत राहिला. समोर कंडक्टरने दोन्ही हात छातीपाशी आडवे धरले होते, कुणाला तरी उचलून घेतल्यासारखे, आणि नदी येईपर्यंत त्याने ते खाली घेतले नाहीत.