मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरांनी आजवर अडीचएक हजार माणसांना गाडी शिकवली होती, आणि त्यांतल्या एकानेही मास्तरांना गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. त्यात लपवाछपवी काही नव्हती, ड्रायव्हिंग स्कूलचा धंदाच तसा. सकाळी सातचा विद्यार्थी दारात हजर व्हायचा आणि मास्तरांना आठच्या विद्यार्थ्याच्या दारात नेऊन सोडायचा, आठचा नऊच्या, आणि असं करत करत संध्याकाळचा शेवटचा विद्यार्थी त्यांना घरी आणून पोचवायचा. मधल्या वेळेत मास्तरांची सगळी कामं उरकायची. भाजी घ्यायची असली की रिव्हर्सचा धडा नेमका मंडईच्या गल्लीत निघे. बँकेत काम असलं की त्या दिवशी पार्किंग शिकायचं. मास्तर शेजारच्या सीटवर बसत, पायाशी ड्रायव्हरच्या पेडलला जोडलेला त्यांचा स्वतःचा दुसरा ब्रेक असे, आणि त्या ब्रेकवर त्यांचा उजवा पाय गेली बावीस वर्षं ठेवलेला होता.

स्टिअरिंगवर ते शेवटचे बसले त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा गाडी गॅरेजपर्यंत न्यायची होती, आणि तोही सगळा उतार होता.

अशा माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षी स्पोर्टी गाडीचं वेड लागावं, हे तसं साहजिकच म्हणायला हवं. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला गोडाचा कंटाळा येतो म्हणतात, पण ज्याला बावीस वर्षं दुसऱ्या गियरमध्येच फिरवलंय त्याला सहाव्या गियरची स्वप्नं पडणारच. गाडी दिसायला छोटीशी हॅचबॅक, चार दारांची, मंडईत कुठेही मावेल अशी. पण आत टर्बो इंजिन, मागे दोन सायलेन्सर, सीटला लाल शिलाई. नवी परवडणारी नव्हती. एका डेंटिस्टची वापरलेली गाडी विकायला होती, आणि तिचे फोटो मास्तरांनी इतक्या वेळा पाहिले होते की डाव्या दारावरचा ओरखडा त्यांना तोंडपाठ झाला होता.

अडचण एकच होती, ती म्हणजे घरात हा विषय काढायचा कसा. पण देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. मास्तरांची बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. लॅबने शहराबाहेर नवी शाखा काढली आणि तिला शाखाप्रमुख हो म्हणून विचारलं. काम सकाळी सहाला सुरू आणि त्या बाजूची पहिली बस पावणेसातची. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्यावर आलेली ही संधी होती, आणि ती हातची गेली तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

"त्यात काय एवढं," मास्तर म्हणाले. "आपण गाडी घेऊ. मी सोडत जाईन तुला रोज."

"स्कूलची आहे की."

"ती धंद्याची. ही रोजच्या वापराची. लहान आहे, कुठेही बसते, इंजिन दमदार, कडक सस्पेन्शन म्हणजे रस्त्याला धरून चालते. बायकामाणसांना अगदी सोयीची."

"आणि तुम्हाला कधी बाहेरगावी जावं लागलं, आजारी पडलात, तर?"

"तर त्या दिवशी रिक्षा."

"लायसन्स माझ्याकडेपण आहे," ती म्हणाली.

मास्तर नुसते हसले. ते हसू ती बारा वर्षं पाहत आली होती. लायसन्स तिने मास्तरांच्याच स्कूलमधून काढलं होतं, आणि पुढे दोन महिने मास्तर तिला रोज सरावाला नेत. पण दर चौकात तेच व्हायचं. तिचा पाय ब्रेकवर जायचा आणि पेडल धाडकन खाली जाऊन गाडी नाक आपटून थांबायची. "पाय जड आहे गं तुझा," मास्तर म्हणायचे, "अजून तयार नाहीस." दोन महिन्यांनी तिलाही ते पटलं. काहींचा गळा बेसूर असतो, तसा आपला पाय असेल, असं म्हणून ती पुन्हा बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रविवारी दोघं डेंटिस्टकडे निघाली. गाडी अर्थातच विद्यार्थी चालवत होता. हा विद्यार्थी म्हणजे एक निवृत्त शिंपी. त्यांची लेक त्याच भागात राहायची, म्हणून मास्तरांनी त्यांचा धडा त्या दिशेला वळवला होता. शिंपीकाकांनी स्कूलची गाडी डेंटिस्टच्या इमारतीखाली लावली, किल्ली मास्तरांच्या हातात दिली, "तासाभरात येतो परत न्यायला," म्हणाले आणि लेकीकडे गेले.

डेंटिस्ट तिशीतला, केस विस्कटलेला, झोप न झालेला माणूस होता. जुळी झाली होती त्याला. दोन बाळांच्या दोन खुर्च्या या गाडीत मागे बसत नव्हत्या, आणि बसवल्याच तर बायको बसत नव्हती. नवी लांबलचक गाडी त्याच संध्याकाळी यायची होती आणि पार्किंगला जागा एकच. "आज ठरलं तर आजच न्या," तो म्हणाला, "कागदांवर सह्या करून ठेवल्यात मी."

मास्तरांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. ओरखडा जिथल्या तिथे होता. इंजिन सुरू करायला लावून त्यांनी डोळे मिटले आणि कान दिला. आवाजावरून क्लच किती झिजलाय ते मास्तर सांगू शकत, आणि ते कधी चुकत नसे. "क्लच चांगलाय," ते म्हणाले. मग चक्कर मारून बघायचं ठरलं, मास्तर ऐटीत पुढे झाले, दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की समोर स्टिअरिंग नाही. बावीस वर्षांच्या सवयीने ते शेजारच्या सीटवर बसले होते.

डेंटिस्टला त्यात काही वावगं वाटलं नाही. "मॅडम चालवणार ना? मला वाटलंच," असं म्हणून त्याने किल्ली मास्तरांच्या बायकोच्या हातात ठेवली आणि स्वतः मागे जाऊन गुडघे हनुवटीशी घेऊन बसला.

आता मास्तरांनी उतरायला हवं होतं. "अगं थांब, मी चालवतो," एवढंच म्हणायचं होतं. पण स्वप्नात सहावा गियर टाकणं वेगळं आणि परक्या माणसासमोर अनोळखी गाडी चढावर काढणं वेगळं. इमारतीचं फाटक नेमकं चढावर होतं. मास्तरांनी लावलेला पट्टा आणखी घट्ट ओढून घेतला.

बायकोने सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा ओढून पाहिला, गियर न्यूट्रलला आहे ना ते हलवून बघितलं. बारा वर्षांपूर्वी शिकवलेला एकही टप्पा ती विसरली नव्हती. गाडी चढावरून अलगद बाहेर निघाली. पहिला चौक आला. मास्तरांचा उजवा पाय झटकन खाली गेला आणि रबरी पायपुसण्यावर आपटला. तिथे काही नव्हतं. त्यांनी आणखी जोर लावला, तरीही काही नव्हतं. त्यांनी डोळेच मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा गाडी पांढऱ्या रेषेच्या वीतभर अलीकडे उभी होती. धक्का नाही, आवाज नाही. बाळ झोपलेलं असतं तर जागं झालं नसतं.

दुसऱ्या चौकातही तसंच झालं, आणि तिसऱ्यातही.

पुढे मोकळा रस्ता लागला. तिने चौथा टाकला, पाचवा टाकला, जराशाने सहावाही टाकला. टर्बोची ती बारीक शीळ मास्तरांनी फक्त मोबाइलवर ऐकली होती. "सावकाश," ते म्हणाले, पण ते कोणी ऐकलं नाही.

"मॅडम फार छान चालवतात," मागून डेंटिस्ट म्हणाला. "किती वर्षं चालवताय?"

"बारा वर्षांत आज पहिल्यांदाच," ती म्हणाली.

डेंटिस्ट मागच्या सीटचा पट्टा शोधायला लागला.

परतीच्या सिग्नलला ती पुन्हा तशीच थांबली. थांबता थांबता तिची नजर शेजारी खाली गेली. मास्तरांचा बूट पायपुसण्यात रुतला होता, पोटरी ताठ, चेहऱ्यावर घाम.

"काय करताय?"

"कुठे काय? सवय आहे पायाला."

"कसली?"

मास्तर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तिला ते मिळालं. ती पायपुसण्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या पायाकडे. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. तिने गाडी शांतपणे पुढे काढली आणि पुढच्या झाडाखाली कडेला घेतली.

"तेव्हाही दाबायचात?"

"काळजीपोटी गं."

"प्रत्येक वेळी?"

खोटं बोलायची सोय होती. पण मास्तरांना बाकी काही जमो न जमो, ब्रेकच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नसे. "बहुतेक वेळा," ते म्हणाले.

"आणि मी समजत होते माझंच पेडल खाली जातंय." तिचा आवाज चढला नाही. "मला म्हणायचात, पाय जड आहे. बारा वर्षं मी बससाठी उभी राहिले, अहो. पावसात, उन्हात, ताप असताना. मला वाटायचं, नसतं येत एखाद्याला."

डेंटिस्ट खिडकीबाहेरचं झाड असं बघत होता, जणू त्यालाच दात होते.

गाडी परत लावून डेंटिस्टच्या घरी वर आल्यावर मास्तरांना एकाएकी त्या गाडीत दोष दिसायला लागले. "सस्पेन्शन फारच कडक आहे, रोज हाडं खिळखिळी होतील," ते म्हणाले. "डिकी एवढीशी. पेट्रोल पिते. सहा गियर काय करायचेत शहरात? रोजच्या वापराला साधीसुधी बघू एखादी."

"रस्त्याला धरून चालते," बायको म्हणाली. "लहान आहे, कुठेही बसते. इंजिन दमदार आहे. बायकामाणसांना अगदी सोयीची." मग डेंटिस्टकडे वळून तिने विचारलं, "सही कुठे करायची?"

"गाडी कोणाच्या नावावर?" डेंटिस्टने भीत भीत विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने पर्समधून लायसन्स काढलं, बारा वर्षांत एकदाही न दुमडलेलं, आणि टेबलावर ठेवलं. मास्तरांनी तोंड मिटलं. तिने सह्या केल्या, मग तिथेच उभ्याउभ्या लॅबच्या साहेबांना फोन लावला आणि सोमवारचं उत्तर रविवारीच देऊन टाकलं. "येते," ती म्हणाली. "सहाच्या आधीच पोचेन."

खाली येऊन मास्तर पुन्हा त्या लाल शिलाईच्या सीटकडे निघाले. या वेळी सवयीने नाही, ठरवून.

"तुम्ही इकडे कुठे?" ती म्हणाली. "आपली गाडी कोण आणणार?"

"शिंपीकाका येतील ना. त्यांना गाडी चालवू दे, आपण..."

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. लेकीने जेवायला ठेवून घेतलंय, शिंपीकाका सांगत होते, आजचा धडा उद्या करू. बायकोने ते सगळं ऐकलं. तिने स्कूलच्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं जे तिने बारा वर्षं बघितलं होतं. "या सावकाश," ती म्हणाली, आणि दोन सायलेन्सरांचा आवाज करत फाटकाचा चढ चढून गेली.

मास्तर स्कूलच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ती सीट शिंपीकाकांच्या मापाने पुढे ओढलेली होती, गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट मागे घ्यायचा खटका कुठे आहे ते त्यांना सापडेना, हाताला सवय शेजारच्या खटक्याची. तसेच ते निघाले. फाटक तिसऱ्या प्रयत्नात सुटलं. रस्त्यावर त्यांना सगळं उलट्या बाजूने येतंय असं वाटत होतं, आणि शेजारची सीट रिकामी होती. काही चुकलंच तर ब्रेक दाबायला तिथे कोणीही नव्हतं.

मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला. मास्तरांनी क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे रांग लागली. मास्तरांचे कान तापले. आता मागचा टॅक्सीवाला आई-बहीण काढणार याची त्यांना खात्री होती, कारण अशा वेळी काय काय बोललं जातं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. आणि बोलणारे नेहमी मागच्या गाडीतलेच असतात असंही नाही.

टॅक्सीवाल्याने टॅक्सी बाजूला आणली, काच खाली केली. त्याने आधी गाडीच्या टपावरची शिकाऊ पाटी वाचली, मग मास्तरांचे पांढरे कल्ले पाहिले, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"घाबरू नका, काका," तो म्हणाला. "सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. हळूच क्लच सोडा. मी मागे थांबतो, कोणाला हॉर्न वाजवू देत नाही."

आणि तो खरोखरच थांबला. मास्तरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती गाडी बंद पडल्याची नव्हती. बारा वर्षांपूर्वी दोन महिने रोज त्यांच्या शेजारी एक बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसायची, आणि एवढी साधी चार वाक्यं तिला बोलायला त्यांना एकदाही सुचली नव्हती. घरी गेल्यावर बोलून टाकावीत असं त्यांच्या मनात आलं. पण आता तिला ती ऐकायची गरज राहिली नव्हती. मास्तरांनी टॅक्सीवाल्याला हात केला, आणि दोन्ही पाय कुठे आहेत ते आधी खाली वाकून बघून घेतलं.