रद्द केलेली फेरी

फेरी रद्द करून चार मिनिटंही झाली नव्हती, तोच डंपर आला.

डावीकडून आला, सिग्नल तोडून, वाळूने शिगोशीग भरलेला. घड्याळजीला नुसती पुढची लोखंडी जाळी दिसली. मग मोटारीचं डावं दार आत घुसलं आणि शेजारी बसलेल्या ताईच्या पायावर बसलं. मोटार गरकन फिरून खांबावर आदळली. ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगवर अशी आपटली की हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना, आणि त्या हॉर्नच्याही वर ताईची किंकाळी. आई गेली तेव्हा तिने दात आवळून सगळं एकटीने उरकलं होतं. ती ओरडू शकते हेच घड्याळजीला आजवर ठाऊक नव्हतं.

पत्रा कापायला पाऊण तास लागला. तेवढ्यात डंपर पसार झाला. त्याला नंबरपाटीही नव्हती.

दवाखान्यात ताईचा पाय पोटरीपासून खाली काढला. तिसऱ्या आठवड्यात जखम चिघळली आणि विष वर चढू लागलं. डॉक्टरांनी घड्याळजीला बाजूला घेतलं.

"मोठ्या इस्पितळात हलवलं तर गुडघा वाचेल. गुडघा राहिला की नकली पाय बसतो, बाई चालतात. शुक्रवारपर्यंत पैसे भरा. नाहीतर मला मांडीतून कापावं लागेल."

ताई पालिकेच्या तलावावर मुलींना पोहायला शिकवायची. घड्याळजी तिचा धाकटा भाऊ. दोघंही लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, घड्याळांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत सुखाने भांडत राहत होते. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा त्या दोन खोल्या विकूनही उभा राहिला नसता. राहता राहिला मोबाइलवरून मोटारी पुरवणाऱ्या कंपनीचा विमा. प्रवाशाला इजा झाली तर इस्पितळाचं बिल परस्पर भरू, असं कंपनीच्या प्रत्येक मोटारीवर लिहिलेलं असे.

मंगळवारी तो कंपनीच्या कार्यालयात गेला. दावे तपासणाऱ्या बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"चढल्यावर दोन मिनिटांनी तुम्ही फेरी रद्द केलीत. कारण, 'माझा बेत बदलला.' म्हणजे तुम्ही उतरलात."

"उतरलो नाही हो. त्याच मोटारीत होतो."

"मग रद्द का केलीत?"

ड्रायव्हर म्हणाला होता, "साहेब, रद्द करा ना. रोख द्या, वीस कमी द्या. कंपनी माझा तिसरा हिस्सा खाते." नाही म्हणायचं घड्याळजीच्या जिवावर येई. गिऱ्हाईक पैसे बुडवून गेलं तरी तोच ओशाळायचा. त्याने रद्द केलं. मोबाइलने कारण विचारलं. 'ड्रायव्हरने सांगितलं' असं एक बटण होतं. "ते नका दाबू साहेब, माझं खातं बंद करतील," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. बिचाऱ्याच्या पोटावर पाय कशाला द्या, म्हणून घड्याळजीने त्याच्या वरचं, 'माझा बेत बदलला', ते दाबलं.

त्याने हे सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"ड्रायव्हरने लिहून दिलंय की मोटार रिकामी होती, वाटेत ओळखीची माणसं भेटली, त्यांना घेतलं. त्याने जबाब बदलला तर बघू."

बुधवारी दुपारी घड्याळजी ड्रायव्हरच्या घरी जाऊन धडकला. टायरच्या दुकानावर एक खोली. ड्रायव्हर छातीला पट्टा बांधून खुर्चीत बसला होता. त्याची बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"खरं काय ते सांग," घड्याळजी म्हणाला. "एवढंच मागतोय."

"साहेब, मोटारीचे हप्ते आहेत. खरं सांगितलं की खातं बंद. पुन्हा मोटार मिळायची नाही. मग आम्ही काय खायचं?"

"माझ्या बहिणीचा पाय मांडीतून कापणार आहेत!"

"मग मी काय करू? माझ्याही तीन बरगड्या गेल्यात. वीस वाचवायला तुम्हीच टपला होतात ना? तेव्हा बरं गोड लागलं!"

पन्नाशी उलटली तरी घड्याळजीने कुणावर हात उगारला नव्हता. त्याने ड्रायव्हरची गचांडी धरली आणि पट्ट्यावरच, मोडक्या बरगड्यांवर, गुडघा घातला. ड्रायव्हर गुरासारखा ओरडला. खुर्ची कलंडली. घड्याळजी त्याच्या उरावर बसला आणि दोन्ही मुठींनी मिळेल तिथे हाणू लागला. नाकाचं हाड कसं वाकतं ते त्याच्या बोटांना कळलं. ज्या बोटांनी तो केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवायचा, त्याच बोटांनी त्याने ड्रायव्हरचं डोकं धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. एक दात फरशीवर उडाला.

"मेल्या, सोड त्याला!" बायको किंचाळली आणि तिने तापलेली इस्त्री त्याच्या खांद्यावर टेकवली.

सदरा जळाला, मग कातडी. तो वास त्याच्या नाकात गेला तरी त्याने हात सोडला नाही.

"सांगतोस की नाही?"

"सांगतो... सोड... उद्या येतो," ड्रायव्हर रक्त थुंकत म्हणाला.

घड्याळजी जिना उतरला. त्याला स्वतःची शरम वाटली. पण त्याहून जास्त वाटला तो आनंद, आणि त्या आनंदानेच तो अधिक घाबरला.

गुरुवारी सकाळी ड्रायव्हर बायकोचा आधार घेत कार्यालयात आला. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, एक डोळा मिटलेला. त्याने सगळं कबूल केलं. बाईंचा पेन मध्येच थांबला.

"हे ताजं आहे. कोणी मारलं?"

बायको भिंतीकडे बघत राहिली.

"मी," घड्याळजी म्हणाला.

बाईंनी कागद टराटरा फाडला. "मारून घेतलेला जबाब चालत नाही. उद्या तो म्हणेल, जिवाच्या भीतीने बोललो. मग नोकरी माझी जाईल."

"पण तो खरं बोलला!"

"असेल. तुम्हीच त्याची किंमत घालवलीत. तुम्ही मोकळे फिरताय तोवर याचा एकही शब्द मी लिहून घेणार नाही."

घड्याळजीने फाटलेले तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "आणि मी मोकळा नसलो तर?"

बाईंनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. "पोलिसांसमोर, तुम्ही आत असताना, त्याने आपण होऊन सांगितलं तर घेईन. शुक्रवारी दुपारपर्यंत."

पोलीस चौकी दोन रस्ते पलीकडे होती. हवालदाराने त्याच्या चष्म्याकडे, कालच्याच जळक्या सदऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही मारलंत? काका, घरी जा, आराम करा."

"तीन बरगड्या आधीच मोडल्या होत्या. नाक आणि दात माझे. लिहून घ्या."

त्याला कोठडीत टाकलं. आता ड्रायव्हरला कुणाचं भय उरलं नव्हतं. तो आपला पहिला जबाब तसाच ठेवू शकत होता, वर मारहाणीची भरपाईही मागू शकत होता. घड्याळजीला झोप लागली नाही. दर तासाला तो हवालदाराला वेळ विचारी. शेवटी हवालदार वैतागला. "काका, धंदा घड्याळांचा आणि वेळ मला विचारता?"

शुक्रवारी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ड्रायव्हर गजांसमोर येऊन उभा राहिला.

"काल दवाखान्यात गेलो होतो," तो सुजल्या ओठांनी म्हणाला. "तू थापा मारत असशील तर तुला इथंच सडवायचा होता. तर तुझी बहीण मलाच विचारते, छाती कशी आहे तुझी. माझं तोंड बघून म्हणाली, हे त्या खुळ्याचं काम दिसतंय, त्याला मारतासुद्धा येत नाही नीट."

घड्याळजीने दोन्ही हातांनी गज धरले. "जबाब?"

"दिला. कंपनीच्या बाई होत्या, इथले साहेब होते. रद्द करायला मीच सांगितलं, बटणसुद्धा मीच सांगितलं, सगळं दिलं. बाईंनी तिथूनच इस्पितळाला फोन लावला. माझं खातं बंद झालं. सोमवारी हप्तेवाले मोटारीचा सांगाडा ओढून नेतील."

"भाऊ, तुमचे उपकार—"

ड्रायव्हरने गजांतून हात घालून त्याची कॉलर पकडली आणि सगळं अंग मागे टाकून खेचलं. घड्याळजीचं कपाळ लोखंडावर आदळलं. एकदा. पुन्हा एकदा. चष्मा फुटला, भुवई फाटली. हवालदार शिव्या घालत धावला आणि त्याने ड्रायव्हरला मागून कव घालून बाजूला काढलं.

"उपकार नकोत तुझे!" ड्रायव्हर ओढला जाता जाता ओरडत होता. छाती धरून तो रडतही होता. "माझी बायको काल रात्रभर लोकांच्या चादरी इस्त्री करत बसली होती!"

घड्याळजी खाली बसला. एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, दुसऱ्याने सगळं धूसर दिसत होतं. हवालदार कापूस घेऊन आला.

"तक्रार द्यायची का, काका? आता तुमचीही होते."

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही जरा मोठ्या इस्पितळात फोन लावून विचारता का, माझ्या ताईला दाखल करून घेतलं का म्हणून?"