उघडून पाहिल्याशिवाय

"नाना, मोटरना नुस्ता बुश बदली द्या ना. तठे पानीबिगर मका वाळी ऱ्हायना मना."

"खोल्याशिवाय मी काही सांगत नही."

"डॉक्टर बी मानूसले इतला खोलत नही!" छगन वैतागला.

"म्हनीसनच मानसं मरतस," बन्सीलालनाना म्हणाले आणि त्यांनी चौथा बोल्ट सैल केला.

पारोळ्यात घराच्या पुढच्या खोलीत नानांचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकासमोर उघडल्यावाचून त्यांनी एकही मोटर कधी दुरुस्त केली नव्हती. जळालेली तांब्याची तार काढली की तिची जुडी बांधून ते शेतकऱ्याच्या हातात देत. त्या जुड्यांनी त्यांचं नाव झालं, आणि त्या नावापायीच बोरीकाठ पतसंस्थेने त्यांना दक्षता समितीवर घेतलं. सभासदांच्या वतीने कारभारावर नजर ठेवायची. म्हणजे महिन्यातून एकदा चहा आणि कागदाखाली सही. "वर सरकार शे, मधमा ऑडिटर शे, खाले तुम्ही शेतस," चेअरमन तोतारामशेठ म्हणाले होते. "तीन कुलपं लागनात, नाना."

त्या रविवारी चारुलता जळगावहून आली होती. नानांची एकुलती लेक. ज्या सरकारी कचेरीत पतसंस्थांचे कागद येत, तिथे ती आवक विभागात कारकून होती. ती उंबऱ्यावर बसून मेथी निवडत असताना शेजारच्या इंदिराबाई आल्या. त्यांचा नवरा डाळमिलमध्ये पट्ट्यात सापडून गेला होता. त्याची भरपाई नुकतीच हातात आली होती.

"नाना, बठ्ठा पैसा आपली संस्थामा ठेवू का बँकमा? आठे व्याज जास्त शे."

नाना चिंधीने हात पुसत राहिले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मी सही करस, पन त्या वह्या मले समजतस नही. चारू, तुनं हापीस दखस ना, तपासस ना ते बठ्ठं?"

चारुलताच्या हातातली मेथी तशीच राहिली.

महिनाभरापूर्वी तिनेच शिक्का मारून एक तक्रार घेतली होती. बोरीकाठच्याच एका जुन्या कारकुनाने लिहिलेली: ठेवी संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज म्हणून जात आहेत, तारण काहीच नाही. साहेबांनी शेरा मारला, 'लेखापरीक्षकांचा अभिप्राय घ्यावा.' लेखापरीक्षक संस्थेनेच निवडलेला, त्याची फी संस्थाच द्यायची. आठ दिवसांत त्याचं उत्तर आलं. दक्षता समिती दरमहा तपासणी करते, तिचा आक्षेप नाही. सबब तक्रारीत तथ्य दिसत नाही. सोबत समितीच्या सह्यांच्या झेरॉक्स होत्या. पहिलीच सही नानांची, शाळकरी वळणाची.

"साहेब, एकदा आपण जाऊन दप्तर बघायला हवं," ती म्हणाली होती.

"माणसं कुठायत मॅडम? आणि बाहेर बोलू नका. उद्या दारात रांग लागली तर धडधाकट संस्थाही बुडते. पाप आपल्या माथी." फाईल बंद झाली.

आता नाना वाट पाहत होते. इंदिराबाईही.

"दखस, नाना," चारुलता म्हणाली.

"मंग ठेव बाई," नाना इंदिराबाईंना म्हणाले आणि पुन्हा मोटरीवर वाकले.

संध्याकाळी आईने, बेबाबाईंनी, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. नाना स्टँडवर सोडायला आले. खिडकीची जागा मिळाली का, ते त्यांनी खालून दोनदा विचारलं.

सोमवारी इंदिराबाईंनी पैसे भरले. गुरुवारी संस्थेला कुलूप लागलं. तोतारामशेठ आदल्या दिवशीच कुटुंबासह गावातून गेले होते.

लोक नानांच्या दारात आले. पहिले दोन दिवस ओरडले, मग यायचेच थांबले. छगनने आपली मोटर उघडीच रिक्षात टाकून नेली. "तुम्हीच न खोलता सही करी दिन्ही, नाना," एवढंच तो बोलला. नाना तरीही रोज सकाळी दुकान उघडून बसत. चारुलता दर रविवारी यायची, आणि सांगायचं ठरवूनच यायची. एका रविवारी नानाच म्हणाले, "तू कसाले जीवले लाई लेस? तुमनापाईन बी दपाडं त्यास्नी."

सरकारपासूनही त्या लोकांनी लपवलं, असं नाना धरून चालले होते. त्याही रविवारी ती न सांगताच बसमध्ये चढली. कुलूप लागल्यापासून सातव्या आठवड्यात एका दुपारी नाना दुकानातच, पान्हा हातात असताना कलंडले आणि गेले.

दुखवट्याच्या द्वारदर्शनाला माणसं मोजकीच आली. पुरुष बाहेर घटकाभर बसून उठून गेले. आतल्या खोलीत बेबाबाईंजवळ बायका होत्या. शेवटी इंदिराबाई आल्या. भिंतीला टेकून बसल्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी शिव्या दिन्ह्यात त्यास्ले," त्या बेबाबाईंना म्हणाल्या. "आठेच, दारमा उभी ऱ्हाईसन. पन चाळीस वरीस दखेल मानूस. मले आजबी समजत नही माय, नानाले माहीत व्हतं का नव्हतं?"

बेबाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

उघड्या दारातून पुढची खोली दिसत होती. टेबलावर छगनच्या मोटरीतून काढलेली जळकी तार होती. नानांनी जुडी बांधून ठेवलेली, न्यायची राहून गेलेली.

चारुलता उठली आणि इंदिराबाईंच्या समोर जाऊन बसली. कचेरीत इतकी वर्षं ती पुस्तकी मराठीच बोलत आली होती.

"अक्का," ती म्हणाली, सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "नानाले काहीच माहीत नव्हतं. मले माहीत व्हतं."