मागच्या सीटवरचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंग काळा, टाकीला डावीकडे एक पोचा. किक मारली की दोनदा खोकते आणि तिसऱ्यांदा ऐकते. माझी सहा वर्षं एका चादरीखाली गेली. ती का, ते आधी सांगते.

मला नवी कोरी घेतली ती टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. तो चारचौघांत मितभाषी, पण माझ्याशी मात्र बोलायचा. माझे स्पोक तो एकेक करून पुसायचा. एका दुपारी घरी जेवायला परतताना त्याला तळ्याकाठी तुटलेली तार दिसली. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याला राहवलं नाही. त्याने मला लव्हाळ्याजवळ स्टँडवर लावलं, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "थांब, आलोच."

माझं तोंड रस्त्याकडे होतं. आरशात नुसतं आभाळ दिसत होतं. मागे एकदा पाणी वाजलं. मग काहीच वाजलं नाही.

संध्याकाळी एका ट्रकवाल्याने मला बेवारस पाहिलं. चोरीला जाऊ नये म्हणून त्याने मला ट्रकमध्ये चढवलं, लांबच्या एका चौकात दुकानांसमोर आणून ठेवलं आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याचा चांगुलपणा आमच्या मुळावर आला. लोकांनी शोध घेतला तो चौकाभोवती. तळ्याकडे कोणी फिरकलंच नाही.

माझ्या मालकाच्या बायकोने मला घरी नेलं, माझ्यावर चादर घातली. रोज सकाळी ती चादरीवर हात ठेवून विचारायची, "कुठे सोडून आलीस गं त्यांना?" मला ठाऊक होतं. पण मला वाचा कुठे होती?

सहा वर्षांनी एक बाई मला बघायला आली. वय एकोणचाळीस, छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम. ती म्हणाली, "ताई, आयुष्यभर कोणाच्या तरी मागे बसले. आता हँडल माझ्या हातात हवं."

बायकोने किल्ली दिली. "न्या. नुसती उभी राहून गंजतेय बिचारी."

छापखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. शिकवायला गॅरेजवाले मामा. पहिल्या दिवशी बाई नऊ वेळा बंद पडली, म्हणजे बंद पडले ती मी. मामा ओरडायचे, "अहो, क्लच आहे तो, गरम तवा नाही! हळू सोडा!"

चौथ्या दिवशी तिने क्लच इतका अलगद सोडला, की मीच चकित झाले. त्याच क्षणी माझ्या मागच्या स्प्रिंगा दबल्या. मी ते वजन ओळखलं. अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बाई फेरी मारून आली. मामांनी विचारलं, "मागे कोणाला घेतलं होतं?"

"कोणाला नाही."

मामा मागच्या चाकाकडे बघत राहिले. टायर दोन माणसं बसल्यासारखा चेपला होता. हवा तर त्यांनी सकाळीच भरली होती.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, ती एकटीच रस्त्यावर निघाली. तळ्याच्या फाट्याला माझं हँडल वळलं. मित्रांनो, खरं सांगते, ते मी वळवलं नाही. बाईने ब्रेक दाबला, तो लागेना. पाणी समोर दिसायला लागलं. मागचं वजन पुढे झुकलं. तिच्या मानेवर गार श्वास आला असावा, कारण तिने खांदे आक्रसले. मग ती मागे न बघता म्हणाली, "दादा, मी अजून शिकतेय हो. माझ्याने हे निभणार नाही. इथेच उतरा."

ब्रेक लागला. मी लव्हाळ्याजवळ थांबले. माझ्या स्प्रिंगा हळूच वर आल्या. वारा नव्हता, तरी गवत एकेका पावलाखाली वाकत पाण्याकडे गेलं. गवत स्थिर होईपर्यंत बाई हलली नाही. मग तिने स्वतःची ओढणी तिथल्या झुडपाला खुणेसाठी बांधली आणि मला फाट्यापर्यंत हाताने ढकलत नेलं.

ती थेट त्या बायकोकडे गेली. "ताई, मला वेडी म्हणा, पण माणसं बोलवा. तळ्यात बघा."

ओढणीपासून दहा हातांवर, चिखलात रुतलेली हत्यारांची पिशवी सापडली. पिशवीच्या पट्ट्यात अडकलेला तो होता.

बायको काठावर बसून रडली. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून म्हणाली, "सहा वर्षं मी दार नुसतं लोटून झोपत होते. आता कडी लावीन."

बाई मला रोज छापखान्यात नेते. गिअर आता ती न बघता टाकते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, हवा भरा, उन्हापावसात सोडून देऊ नका, हे तर खरंच. पण जुनी वस्तू घरात आणाल, तेव्हा ती आधी कोणाची होती, एवढं विचारून घ्या. आम्ही सांगू शकत नाही. आम्ही फक्त घेऊन जातो.