पुठ्ठ्याची घडी

एक होते फोटोवाले सासरे, एक होती त्यांची सून आणि दोघांच्या मधोमध होते मी, फोटोच्या दुकानातली लाकडी खुर्ची. मीच बोलतेय. माझा एक पाय जन्माचाच आखूड. सुताराला घाई झाली, आणि डगमगणं माझ्या नशिबी आलं. सासऱ्यांनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. म्हणायचे, "माणूस हलला की फोटो गेला."

पुढं त्यांचेच हात कापू लागले. फोटो पुसट यायचे, गिऱ्हाईक पाठ फिरवायचं. दुकान विकायची बोलणी निघाली, तेव्हा सून म्हणाली, "मामंजी, मला शिकू द्या ना."

"बघ जमतंय का. नाहीतर घालतो कुलूप."

झालं! रोज सकाळी खिडकीतून ऊन आलं की बाई माझा फोटो काढायची. रिकाम्या खुर्चीचा! आभाळ येवो, अंगात कणकण असो, खाडा म्हणून नाही. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

रविवारी दुकानात हौशी मंडळी जमायची. शिंपीण, पोस्टमन, शाळेतले मास्तर. आपापले फोटो माझ्यावर मांडायची आणि एकमेकांच्या फोटोंतलं बरंवाईट तोंडावर बोलायची.

एकदा सुनेनं माझ्या फोटोंशेजारी गिऱ्हाइकांचे फोटो मांडले. शिंपीण म्हणाली, "अगं, तुझी खुर्ची कशी जिवंत वाटते! माणसं मात्र खुर्चीसारखी बसलीत."

सुनेचा चेहरा एवढासा झाला. पोस्टमन म्हणाला, "हिलाच बसव. फार बोलते."

शिंपीण ऐटीत टेकली आणि नेमका पुठ्ठा सरकला. मी कलले. "अगं बाई गं!" म्हणत ती खळखळून हसली. ते हसू डोळा लवेपर्यंत टिकलं असेल. पण सुनेचा हात रोजचा तयार, तिनं ते अलगद टिपलं.

"पुठ्ठा कुठाय?" सासरे कोपऱ्यातून कडाडले. मग त्यांनी तो फोटो पाहिला. पाहतच राहिले. सदऱ्याची बटणं लावली आणि माझ्यावर येऊन बसले. जन्मभर दुसऱ्यांना बसवलं, स्वतः पहिल्यांदा बसले. कापरे हात मांडीखाली दडवले.

सून पुठ्ठा लावायला वाकली.

"राहू दे गं. तशीच काढ."

मी मुद्दाम जरा जास्तच हलले. हात आधाराला बाहेर आले, म्हातारा लहान पोरासारखा हसला. फोटोत ते हात असे आले, जणू कधी कापलेच नव्हते.

दुकान विकलं नाही. तो फोटो दारावर लागलाय, आणि गिऱ्हाईक तो पाहूनच आत येतं. माझी एवढीच विनवणी आहे. माझा पाय नीट करायला कुणी सुतार आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.