भस्मेबाबांच्या पुड्या

मानपाड्याच्या तळ्याकाठी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कल्याणहून आणि पार ठाण्याच्या कोपरीहूनही माणसं आली होती. आंब्याखाली भस्मेबाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे धोंडीबाचा कुत्रा काळू उड्या मारत होता. थोड्याच दिवसांपूर्वी, बाबांच्या पुडीतली राख चाटू लागण्याआधी, हा कुत्रा मागचे पाय फरफटत चालायचा, हे सगळ्या गावानं पाहिलेलं होतं.

“माणूस नाटक करील,” बाबा म्हणाले. “मुकं जनावर कशाला करील? आता सांगा, विभूती खरी की खोटी?”

गर्दीत प्रभाकर उभे होते, कल्याणच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. काळूचे सांधे त्यांनीच तपासले होते आणि आता फारसा उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. प्रभाकरांना मात्र बाबांचं बोलणं अर्धं पटलं. कुत्र्याला श्रद्धा नसते. तेव्हा त्याला गुण आला असेल, तर राखेत औषधच असणार.

धोंडीबाची बायको मालन संधिवातानं अंथरुणाला खिळलेली होती. विभूती सुरू झाली आणि ती स्वतः विहिरीवरून पाणी आणू लागली. तिचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. बाबा त्याला तेज म्हणत. प्रभाकरांना दिसली ती तिच्या पायावरची जखम, पावसाळ्यात झालेली आणि दिवाळी उलटली तरी न भरलेली. त्यांनी बाबांकडे एक पुडी मागितली, तेव्हा नास्तिकाच्या हातात विभूतीची माती होते, असं उत्तर मिळालं.

पुढे बाबा अनुष्ठानासाठी नाशिककडे गेले. घरात पुड्या थोड्या उरल्या होत्या. त्या मालनसाठी राखून धोंडीबानं कुत्र्याची विभूती थांबवली. आठवड्याभरात काळू मलूल झाला. एका सकाळी गावातली कुत्री त्याच्यावर धावून आली. एरवी त्यानं चौघांना लोळवलं असतं. त्या दिवशी तो उभा राहिला, थरथरला आणि कोसळला. अंगावर दात लागल्याची खूणही नव्हती.

धोंडीबानं त्याला पोत्यात घालून दवाखान्यात आणलं. प्रभाकरांनी कुत्र्याचं पोट चिरलं आणि आतलं धोंडीबाला दाखवलं. मूत्रपिंडांजवळच्या दोन छोट्या ग्रंथी सुकून कागदासारख्या पातळ झाल्या होत्या.

“जिवावर बेतलं की या ग्रंथी रस सोडतात,” ते म्हणाले. “त्या रसावर शरीर तग धरतं. बाहेरून तसलाच रस आयता मिळत राहिला की यांचं काम सुटतं. मग बाहेरचा एकदम बंद झाला, की शरीराला आधार उरत नाही. धोंडीबा, मालनच्या पुड्या अजून आहेत ना?”

धोंडीबाचा चेहरा उतरला. त्यानं आणून दिलेली पुडी प्रभाकरांनी गावासमोर स्पिरिटमध्ये ढवळली आणि गाळली. राख कागदावर राहिली. खालचं नितळ स्पिरिट उन्हात उडून गेलं, आणि बशीत पांढरी भुकटी उरली. मुंबईच्या प्रयोगशाळेनं ती ओळखली. परदेशात नुकतंच निघालेलं, त्या ग्रंथींच्या रसासारखंच, सांध्यांची सूज उतरवणारं पण चेहरा फुगवणारं आणि जखम भरू न देणारं कृत्रिम औषध गोळ्या कुटून राखेत मिसळलेलं होतं.

गाव चवताळलं. लोक पुड्या तळ्यात फेकू लागले, तसे प्रभाकर आडवे आले. एकदम सोडू नका, म्हणून त्यांनी हात जोडले. कल्याणच्या डॉक्टर मंदाकिनीबाईंनी हेच औषध मोजून देऊन हळूहळू कमी करायचं कबूल केलं. बरेच जण त्यांच्याकडे गेले. मालन गेली नाही.

“ज्यानं माझा काळू मेला, ते मी तोंडात घालू?” ती म्हणाली. धोंडीबानं विनवलं, प्रभाकर दोनदा घरी गेले. तिनं पुड्या चुलीत टाकल्या. मग साधा ताप आला. निरोगी माणसानं तो अंगावर काढला असता. मालनला बैलगाडीतून कल्याणला नेलं, पण वाटेतच तिचे हातपाय गार पडले.

तेराव्याला भस्मेबाबा परत आले. विभूतीचा अपमान केला, त्याचं फळ मिळालं, असं ते अंगणात उभं राहून म्हणाले. दोन-चार बायकांनी त्यांचे पायही धरले.

धोंडीबा उठला. “काळूनं कुणाचा अपमान केला होता?” त्यानं विचारलं.

बाबांनी पेटी उचलून वाट धरली, पण गावकऱ्यांनी त्यांना पोलिसांच्या हवाली केलं. पोलिसांनी त्यांची पेटी उघडली, तेव्हा आत गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. बाबा तुरुंगात गेले. मालन परत आली नाही.

मंदाकिनीबाईंकडे गेलेले सगळे जगले. त्यांचे सांधे पुन्हा दुखू लागले, हेही खरं. काही जण अजून म्हणतात, बाबा होता तोवर बरं होतं. प्रभाकर त्यांच्यावर चिडत नाहीत. दुखणाऱ्याला गुण हवा असतो, हे त्यांना कळतं. ते एवढंच सांगतात, की गुण आला म्हणून राख पवित्र होत नाही. पुडीत काय आहे, ते किती घ्यायचं आणि कसं थांबवायचं, हे आधी विचारा. जो सांगणार नाही, त्याच्यापुढे हात पसरू नका.